लॉरा आरएस: पुढच्या लोअर आर्मच्या बुशची निवड

शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि स्ट्रटचे (चाकावरच्या स्प्रिंगसह उभ्या खांबाचे) माउंट बदलून झाल्यावरही गाडीच्या पुढच्या बाजूला जो सैलपणा शिल्लक राहिला होता, त्याचा शोध घेत ही नोंद लोअर आर्मच्या (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या हाताच्या) बुशपर्यंत, म्हणजे त्याच्या सांध्यातील धक्का जिरवणाऱ्या रबरी तुकड्यापर्यंत, आली आहे. गाडी आधीच्या नोंदींतलीच आहे: 2011 मध्ये भारतात आलेली स्कोडा लॉरा आरएस, 1.8 टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, 160 पीएस, 250 न्यूटन-मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. इंजिनाचे ट्यूनिंग कंपनीचेच ठेवले आहे, चाके 17 इंची असून टायर 225/45 मापाचे आहेत. हे माप सांगणे आवश्यक आहे, कारण टायरची भिंत जितकी आखूड, तितका खड्ड्याचा मार बुशवर अधिक येतो आणि बुशची निवडही त्यानुसार बदलते.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतच्या लांब उतारावर ब्रेकचा वापर टाळता येत नाही, आणि पहिले लक्षण तेथेच ठळकपणे जाणवत असे. ब्रेकवर पाय आला की स्टेअरिंग किंचित डावीकडे झुकायचे आणि पाय उचलला की आपोआप सरळ व्हायचे. दुसरे लक्षण पार्किंगमधले होते. रिव्हर्स घेऊन लगेच पहिल्या गिअरमध्ये निघताना पायाखालून एकच ‘टक’ असा आवाज येत असे. तिसरे म्हणजे डाव्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा अधिक झिजली होती. ही तिन्ही लक्षणे फाटलेल्या बुशची असू शकतात, परंतु कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन अडकली तरी गाडी ब्रेकखाली एका बाजूला ओढते, इंजिनाचे खालचे माउंट बसले तरी तसाच टक आवाज येतो, आणि नुसता टो (वरून पाहिल्यास चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडला तरी टायरची कड खाल्ली जाते. म्हणून आधी कॅलिपरच्या पिना मोकळ्या असल्याची खात्री केली, डायल गेज लावून डिस्कचा रनआउट (फिरताना होणारे डगमगणे) पाहिला, ड्रॉप लिंक (अँटी-रोल बारची जोडकांडी) आणि बॉल जॉइंट (आर्म व चाकाच्या हबमधला गोळ्याचा सांधा) तपासले. ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरत असेल, तर मूळ दोष बहुधा डिस्कमध्ये असतो आणि सैल बुश ती थरथर हातापर्यंत पोहोचू देतो, हेही येथे नमूद करतो. अनेक जण नुसते बुश बदलतात आणि काही महिन्यांनी ती थरथर पुन्हा सुरू झाली म्हणून बुशला दोष देतात.

बुश तपासताना गाडी शक्यतो अशा रॅम्पवर असावी, जिथे चाकांवर वजन टिकून राहते. चाके लोंबकळत असताना आर्म खाली जातो आणि रबराची चीर कधी कधी मिटलेली दिसते. वजन चाकांवर असताना पहारीने हलका जोर दिला, तेव्हा डाव्या आर्मच्या मागच्या बुशमधील रबराचा पूल (मधला भाग बाहेरच्या कड्याशी जोडणारी पट्टी) जवळजवळ आरपार फाटलेला दिसला. उजव्या बाजूची चीर अर्ध्यावर होती. पुढच्या दोन्ही बुशवर मात्र केवळ वरवरच्या, वयाच्या भेगा होत्या.

मागचा बुशच आधी का जातो, याचे उत्तर आर्मच्या आकारात आहे. लॉराचा लोअर आर्म वरून पाहिल्यास साधारण इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आहे. त्याचा पुढचा बुश बॉल जॉइंटच्या जवळजवळ समोरासमोर येतो, त्यामुळे वळणावर टायरकडून येणारा आडवा जोर मुख्यतः तोच झेलतो आणि म्हणून तो मुळातच कडक असतो. मागचा बुश अल्युमिनियमच्या वेगळ्या ब्रॅकेटमध्ये दाबलेला असतो आणि त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. चाक खड्ड्यात आपटले किंवा जोरात ब्रेक लागला की चाक मागे जाऊ पाहते, आर्म पुढच्या बुशभोवती किंचित फिरतो आणि मागचा बुश गाडीच्या मध्याकडे दाबला जातो. पोकळ्यांमुळे त्या दिशेला रबर मऊ राहते, धक्का तेथे जिरतो आणि केबिन शांत राहते. या शांततेची किंमत अशी की, ब्रेकखाली खालचा बॉल जॉइंट मागे सरकतो, त्यामुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि टोही जागेवर राहत नाही. दोन्ही बाजूंचे बुश सारखेच दबत असतील तर चालकाला एवढेच जाणवते की स्टेअरिंग क्षणभर हलके पडले; पण डावा फाटलेला आणि उजवा अर्धवट शाबूत असेल, तर गाडी डावीकडे ओढणारच.

या जोराचा अंदाज कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. चालकासह गाडीचे वजन 1400 किलो धरले आणि 0.8 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट) इतका जोरदार ब्रेक मानला, तर एकूण बल सुमारे 11,000 न्यूटन होते. त्यातील 70 टक्के पुढच्या चाकांवर गेले, तर प्रत्येक पुढच्या चाकाच्या वाट्याला जवळपास 3,850 न्यूटन, म्हणजे 390 किलोच्या वजनाइतका जोर येतो. टायर रस्त्याला टेकतो ती जागा बॉल जॉइंटच्याही खाली असल्याने स्ट्रटच्या तरफेमुळे बॉल जॉइंटवरचा जोर याहून अधिक असतो. मधोमध पोकळ्या असलेल्या रबराच्या दोन पुलांनी हे वर्षानुवर्षे सोसले, याचेच खरे तर कौतुक करायला हवे.

पर्याय चार होते. पहिला, कंपनीसारखाच पोकळ्या असलेला बुश. दुसरा, त्याच ब्रॅकेटमध्ये बसणारा, पोकळ्या नसलेला सलग रबराचा बुश. तिसरा, पॉलियुरेथेन (थोडक्यात पॉली), म्हणजे रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थ. चौथा, मागच्या बुशचे केंद्र सरकवून कॅस्टर साधारण अर्धा अंश वाढवणारे आणि अँटी-लिफ्टची (गाडीचे नाक उचलले जाण्याला विरोध करणारी) भूमिती बदलणारे किट. चौथा पर्याय मोहक आहे, परंतु मूळ रचना पुन्हा ठणठणीत झाल्याशिवाय भूमिती बदलली, तर कोणत्या बदलाने काय साधले हे कळणार नाही, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवला.

खरी तुलना सलग रबर आणि पॉली यांच्यातच होती. कंपनीच्या बुशचे रबर साधारणपणे 50 ते 65 शोअर ए (कठीणपणा मोजण्याचे माप) इतके कठीण असते. पॉलीमध्ये पॉवरफ्लेक्स कंपनीचा जांभळा बुश 80 शोअर ए आणि काळा 95 शोअर ए असतो. काळा स्पर्धेच्या गाड्यांसाठी आहे आणि पुण्याच्या गतिरोधकांवरून रोज जाणाऱ्याने त्याचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जांभळ्याबद्दल मात्र गांभीर्याने विचार केला. पॉलीवर तेलाचा परिणाम फारसा होत नाही, तर नैसर्गिक रबर इंजिन ऑइलच्या गळतीने फुगून मऊ पडते, आणि जुन्या टीएसआयखाली ही चिंता पोकळ नाही.

तरीही पॉली का नाकारला, याचे कारण आवाज किंवा कंप नसून बुशच्या हालचालीचा स्वभाव आहे. रबरी बुश धातूच्या नळीला चिकटवलेला असतो आणि तो पिळवटून, तिरका होऊन, दाबून अशा सर्व प्रकारे हलू शकतो. पॉली मधल्या नळीवर ग्रीसच्या आधाराने फिरतो. स्वतःच्या अक्षाभोवती तो रबरापेक्षाही मोकळा असतो, पण तिरका व्हायला नाखूश असतो. आता मागचा बुश दबताना आर्म पुढच्या बुशभोवती आडवा फिरतो हे लक्षात घेतले, तर पुढच्या बुशला दर ब्रेकला थोडे तिरके व्हावेच लागते. पुढे पॉली आणि मागे मऊ रबर ही जोडी म्हणूनच मला सर्वांत वाईट वाटते, कारण मागचा बुश जी मोकळीक देतो तिचा भार पुढच्या पॉलीच्या कडांवर पडतो. दोन्हीकडे पॉली लावली तर रचना सुसंगत होते, पण मग द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटचा प्रत्येक सांधा मोजत प्रवास करावा लागतो. शेवटी पुढे कंपनीच्याच दर्जाचा नवा रबरी बुश आणि मागे सलग रबराचा, अशी निवड केली. मागची बाजू ब्रेकखाली कमी दबेल आणि जेवढी दबेल तेवढे तिरके होणे पुढचे रबर सहज सोसेल.

खरेदी नाना पेठेत केली. तेथे एकाच मापाचा बुश तीन-चार दर्जांत मिळतो आणि खोक्यावरच्या छपाईवरून काहीच सिद्ध होत नाही. लेमफोर्डरसारखे मूळ पुरवठादार जेव्हा तोच भाग स्वतःच्या खोक्यात विकतात, तेव्हा त्यावरील गाडीच्या कंपनीचे चिन्ह अनेकदा घासून काढलेले असते. ही घासल्याची खूण पाहून भाग नकली समजण्याचे कारण नाही. मी नखाने रबर आणि धातूच्या सांध्याची कड तपासली, उत्पादनाचा शिक्का पाहिला आणि दोन्ही बाजूंचे भाग एकाच उत्पादकाचे घेतले. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर नवे असूनही जुनेच असते.

बसवण्याचे काम भोसरीतील हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये झाले. मागचा बुश ब्रॅकेटसह तयार मिळाल्याने तेथे प्रेसची गरज पडली नाही. पुढचे बुश मात्र दाबावे लागले. दाबताना आर्मच्या कड्याला खालून बरोबर मापाचा कप लावला नाही, तर पत्र्याचे कडे अंडाकृती होते आणि नवा बुशही त्यात सैल राहतो. वंगण म्हणून साबणाचे पाणी वापरले, कारण पेट्रोलियम ग्रीस रबराला मारक आहे. ब्रॅकेट सोडण्यापूर्वी त्याच्या कडेभोवती रंगाची रेघ ओढून ठेवली, अन्यथा ते परत बसवताना मिलिमीटरभर सरकते आणि अलाइनमेंटवाल्याचे काम वाढते. कोनात आवळायचे बोल्ट ताणले जातात, म्हणून ते सर्व नवे घेतले.

या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी शेवटची आहे आणि घाईत तीच वगळली जाते. गाडी उचलण्याआधी चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. आर्म बसवल्यावर बोल्ट केवळ हाताने लावावेत, हबखाली जॅक देऊन तेच अंतर पुन्हा येईपर्यंत चाक वर न्यावे, आणि मगच बोल्ट अंतिम टॉर्कला आवळावेत. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते, उभ्या गाडीतही त्यावर ताण असतो आणि ते लवकर फाटते. मिस्त्रींना ही मोजणी आधी अनावश्यक वाटली. नंतर त्यांनीच टेप मागून दुसरी बाजू मोजली.

अलाइनमेंटमध्ये या गाडीत फार वाव नसतो. टो टाय रॉडवर (स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर) जुळवता येतो, कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा कल) सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात ती चौकट) सरकवून दोन्ही बाजूंना सारखा वाटून घेता येतो, कॅस्टर जुळवण्याची सोयच नाही. कागदावर दोन्ही बाजूंचा कॅस्टर आता एकमेकांच्या बराच जवळ आला आहे.

नवले पुलाच्या उतारावर स्टेअरिंग आता ब्रेकखाली जागचे हलत नाही. बोपदेव घाटात कोंढव्याकडे उतरताना, वळणाच्या तोंडाशी ब्रेक सोडत स्टेअरिंग फिरवतानाचा जो एक क्षणभराचा उशीर होता, तो जवळपास नाहीसा झाला आहे, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर होणारी पुढच्या चाकांची फडफडही कमी झाली आहे. बदल्यात धारदार खड्ड्यांचा ठोका पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतो. घरच्यांनी तक्रार केलेली नाही, मला मात्र तो जाणवतो. आतल्या कडेच्या झिजेबद्दल इतक्यात बोलणे योग्य नाही, टायर फिरवून बसवले आहेत.

रिव्हर्सनंतरचा टक आवाज सौम्य झाला, पण गेलेला नाही. आर्मची बाजू आता निर्दोष असल्याने संशय इंजिनाच्या खालच्या माउंटवर येतो, आणि त्याच्या रबरातील फटीत इन्सर्ट (फट भरणारा कडक तुकडा) बसवावा की माउंटच नवे घ्यावे, हा पुढच्या नोंदीचा विषय आहे. ज्यांनी लॉरा 2.0 टीडीआयमध्ये (डिझेलमध्ये) खालच्या माउंटचा इन्सर्ट वापरला आहे, त्यांनी निष्क्रिय वेगावर केबिनमध्ये किती कंप वाढला, ते अवश्य कळवावे.