देवराईतल्या नोंदींसाठी स्वस्तातला पामटॉप: सेलच्या हिशोबाने केलेली निवड

२००३ साली देवरायांतल्या झाडांच्या नोंदींचं काम आमच्या गटाकडे आलं. पैसे बेताचे आणि मुक्काम लांबलांबचे: वेल्हे, मुळशी, घाट उतरलं की महाड, पोलादपूर. प्रत्येक झाडाचं नाव, जमिनीपासून १३० सेंटिमीटरवरचा बुंध्याचा घेर, अंदाजे उंची, ढोली आहे का, वेल चढलाय का, एवढं लिहायचं. वहीत लिहिलं की पुण्याला परतून तेच पुन्हा संगणकात भरा, आणि पावसात भिजलेल्या पानांवरचे आकडे लावत बसा. म्हणून रानातच नोंद भरता येईल असा खिशात मावणारा संगणक घ्यायचं ठरलं. निवड करायची जबाबदारी माझ्यावर आली.

त्या काळी अशा यंत्रांची तुलना व्हायची ती मेमरी किती, पडदा रंगीत की साधा, यावरून. मी सुरुवात विजेपासून केली. या स्वस्त यंत्रांत आपण भरलेली माहिती राहायची ती रॅममध्ये. बटण दाबून यंत्र बंद केलं तरी रॅमला थोडी थोडी वीज लागतच राहायची. सेल पुरते संपले की सगळ्या नोंदी पुसल्या जायच्या. शहरात रोज संध्याकाळी यंत्र संगणकाला जोडून प्रत काढणाऱ्याला याची झळ लागत नाही. आम्ही मात्र आठवडाभर अशा गावांत राहणार होतो, जिथे भारनियमनामुळे दिव्याचा भरवसा नव्हता.

सगळ्यांत स्वस्त होतं पाम या अमेरिकी कंपनीचं झायर. २००२ च्या ऑक्टोबरात ते ९९ डॉलरला आलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाच हजारांच्या आत. न्यू जर्सीहून सुट्टीला येणारा मावसभाऊ म्हणाला, “ताई, हेच घे, तीन आणतो.” हातात धरायला छान, हलकं. पण मेमरी २ एमबी, पडद्यामागे दिवा नाही आणि आत कायमची बसवलेली लिथियम-आयन बॅटरी. दाट देवराईत दुपारी चारलाच अंधारून येतं, तिथे दिवा हवाच. त्याहून मोठी अडचण त्या बॅटरीची. ती उतरली की चार्जर आणि सॉकेट शोधण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. डेल अ‍ॅक्झिमचा रंगीत पडदा बघून गटातले तरुण हरखले होते. त्याची बॅटरी निदान काढता तरी येत होती, जास्त क्षमतेची वेगळी विकतही मिळायची. पण असली रंगीत यंत्रं तासांच्या हिशोबाने चालायची आणि काळ्या-करड्या पडद्याची आठवड्यांच्या, तेव्हा तो विषय मी लांबवला नाही.

उरली सुट्या सेलवर चालणारी यंत्रं. पाम एम१०५, पाम एम१२५, हँडस्प्रिंगचं व्हायझर निओ, सोनीचं क्लिए एसएल१०. चारही ८ एमबीची, चारही दोन ट्रिपल-ए, म्हणजे पेन्सिल सेलहून बारक्या, सेलवर चालणारी. क्लिएचा पडदा सगळ्यांत रेखीव होता, अक्षरं छापल्यासारखी दिसायची, पण त्याला मेमरी स्टिक हे सोनीचंच कार्ड लागायचं आणि ते महाग पडायचं. व्हायझर मजबूत, मात्र कंपनीचं लक्ष तोवर फोनकडे वळलं होतं, आणि २००३ च्या जूनमध्ये पामने तिला विकत घेण्याचा करार केला. एम१०५ वापरलेलं अगदी स्वस्तात मिळत होतं. तरी मी एम१२५ वर बोट ठेवलं, आणि त्याचं कारण डोक्यावरची एसडी कार्डाची खाच. कार्डाला वीज लागत नाही. सेल संपो, यंत्र ओढ्यात पडो, कार्डावरची प्रत राहते. कार्डावर लिहिताना सेल जास्त खाल्ला जातो हे खरं, पण दिवसातून एकदा प्रत काढायला ते परवडतं.

मधल्या काळात सिम्प्युटरचीही वाट बघून झाली. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी खास आपल्याकडच्या खेड्यांसाठी योजलेलं, भारतीय भाषा येणारं ते यंत्र मला मनापासून हवं होतं. आमची नोंद रोमन लिपीत, ग्रॅफिटीच्या, म्हणजे पामच्या पडद्यावर काडीने काढायच्या ठरावीक खुणांनी एकेक अक्षर काढत व्हायची. भेरली माड, गारंबी, सातवीण मराठीत लिहिता आलं असतं तर गावातल्या पोरांनाही नोंद भरायला शिकवता आली असती. पण ते ‘अमिडा’ नावाने बाजारात आलं २००४ च्या मार्चमध्ये, आणि सुरुवातीची किंमतच दहा हजारांच्या घरात. आमचा हंगाम तोवर निम्मा सरला होता.

वापरलेली तीन एम१२५ आली आणि खरा अभ्यास तिथून सुरू झाला: सेल कुठले घालायचे? अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टचा, मग हळूहळू उतरत जातो, त्यामुळे पडद्यावरची बॅटरीची खूण बऱ्यापैकी खरं सांगते. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल बहुतेक वेळ सव्वा व्होल्टच्या आसपास सपाट चालतो आणि शेवटी एकदम कोसळतो. अल्कलाइनसाठी बेतलेली खूण त्याला पूर्ण भरलेला असतानाही अर्धा दाखवते, आणि धोक्याची सूचना देते तेव्हा हातात फारसा वेळ उरलेला नसतो. म्हणून रिचार्जेबल घातले की खुणेवर विसंबायचं नाही, मल्टिमीटर लावून व्होल्टचा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, असा नियम केला. शिवाय तेव्हाचे हे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात त्यांच्यातला पाव हिस्सा भार उतरायचा.

चार्जरचीही परीक्षा घ्यावी लागली. बाजारात बहुतेक टायमरचे चार्जर होते. वीज गेली आणि परत आली की त्यांचा टायमर पहिल्यापासून सुरू होतो. भारनियमनाच्या गावात याचा अर्थ, भरलेला सेल पुन्हा पुन्हा भरला जातो, तापतो आणि लवकर मरतो. आम्ही जीपच्या लायटरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर घेतला. जीप मिळायची तेव्हा त्यावर भागायचं. एसटीने जायचं असेल तर पुण्यातूनच अल्कलाइनचे जोड बरोबर न्यायचे.

पण वेल्ह्याच्या पुढे एका वाडीत जोड अपुरे पडले तेव्हा वाण्याच्या दुकानात जाऊन सेल दाखवला. त्याने तो बोटांत धरून उलटसुलट बघितला. “ताई, असला बारका कोण घेतंय हितं? ब्याटरीचा मोठा हाय, न्हाय तर रेडिओचा.” म्हणजे टॉर्चचा जाडा सेल आणि पेन्सिल सेल (डबल-ए). पुढे मी जाईन त्या वाडीत विचारत राहिले. हे दोन सेल बहुतेक ठिकाणी असायचे, ट्रिपल-ए जवळपास कुठेच नसायचा. यंत्रं निवडताना एकाही तक्त्यात ही गोष्ट मला दिसली नव्हती. दोन पेन्सिल सेलवर चालणारी यंत्रं होती, सायनची ५एमएक्स आणि एचपीची २००एलएक्स, टंकफलकासकट. पण दोन्हींचं उत्पादन थांबलेलं, वापरलेलीही आमच्या ऐपतीबाहेर.

तोडगा काढला बुधवार पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी. त्यांनी साडेचव्वेचाळीस मिलिमीटर लांब आणि साडेदहा मिलिमीटर जाड असे लाकडाचे सेल घासून तयार केले. यंत्रात दोन सेलची एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणी असते, म्हणून प्रत्येक लाकडी सेलच्या एकाच टोकाला पितळी स्क्रू बसवला: एकाच्या अधिक टोकाला, दुसऱ्याच्या उणे टोकाला. स्क्रूंना जोडलेल्या तारा झाकणाच्या कडेला पाडलेल्या बारीक खाचेतून बाहेर काढल्या आणि दोन पेन्सिल सेलच्या प्लास्टिकच्या पेटीला जोडल्या. ही पेटी शर्टच्या खिशात. व्होल्टेज तेवढंच, पण चांगल्या पेन्सिल सेलमध्ये ट्रिपल-एच्या दुपटीहून जास्त वीज असते. तार उलटी लागली तर सर्किट जाईल म्हणून पेटीवर नेलपेंटने लाल खूण केली. पुढच्या खेपेला त्यांनी टॉर्चच्या दोन जाड्या सेलची पेटीही करून दिली, ती मुक्कामाच्या घरी ठेवायची.

सेल बदलताना आतला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, रॅमला जेमतेम मिनिटभर सांभाळतो. त्यामुळे खोट्या नोंदी भरून घरीच सराव केला. आधी कार्डावर प्रत, यंत्र बंद, नवे सेल टेबलावर दिशा बघून मांडलेले, मग झाकण उघडायचं. सगळ्यांचे हात बसेपर्यंत मी कुणालाही खरी नोंद भरू दिली नाही. रानात बोलत बोलत सेल बदलायचा नाही, हेही ठरलं.

संध्याकाळची शिस्त मग अंगवळणी पडली: दिवसाची नोंद मोजायची, वहीतल्या झाडांच्या संख्येशी ताळा घ्यायचा, कार्डावर प्रत काढायची, कार्ड काढून दुसऱ्याच्या पिशवीत ठेवायचं. वही बंद केली नाही, पण तिच्यात आता फक्त झाडाचा क्रमांक आणि घेर. पुण्याला आलो की कार्ड संगणकाच्या कार्ड-रीडरमध्ये घातलं, तक्ता तयार.

२००५ च्या अखेरीस सान्योने एनेलूप आणले. वर्षभर पडून राहूनही बराचसा भार टिकवणारे हे रिचार्जेबल सेल आम्हाला मिळायला थोडा काळ गेला, पण मिळाले तेव्हा अल्कलाइनचा खर्च जवळजवळ थांबला. लाकडी सेल आणि पेन्सिल सेलची पेटी मात्र आम्ही यंत्रं चालली तोवर प्रत्येक दौऱ्यावर नेली. जस्ताचे स्वस्त सेल पावसाळी दमटीत लवकर गळतात, म्हणून काम संपलं की त्याच रात्री पेटीतून काढून टाकायचे आणि स्प्रिंगा कोरड्या फडक्याने पुसायच्या, एवढं काम त्यांच्यामागे लागायचं.