तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याचा डाव बघणारी बाई

दुपारी डबा खाताना मी पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून एक जपानी कार्यक्रम बघते. आवाज बारीक, खाली इंग्रजी सबटायटल. पडद्यावर निळसर जॅकेट आणि टाय घातलेला एक माणूस जुन्या टीव्हीसमोर बसलेला असतो आणि एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडत असतो. शेजारून जाणारं कुणीतरी थांबतं. पुढचे प्रश्न ठरलेले. मॅडम, तुम्ही गेम खेळता? नाही. जपानी येतं? नाही. मग हे काय बघता?

आजवर मी "टाइमपास" म्हणून वेळ मारून नेली. पण परवा तुम्ही डबा बाजूला ठेवून, खुर्ची ओढून विचारलंत, म्हणून नीट सांगते.

कार्यक्रमाचं नाव 'गेम सेंटर सीएक्स'. फुजी टेलिव्हिजनच्या उपग्रह वाहिनीवर नोव्हेंबर 2003 मध्ये तो सुरू झाला. सीएक्स ही फुजीच्याच सांकेतिक नावातली अक्षरं. तेव्हा यूट्यूब जन्मालाही यायचं होतं. दुसऱ्याला गेम खेळताना बघणं हा पुढे केवढा मोठा धंदा झाला ते तुमच्या घरातली मुलं सांगतील. समोर बसलेला तो माणूस म्हणजे शिन्या अरिनो, मूळचा ओसाकाचा, 1972 चा जन्म, 'योइको' या विनोदी जोडीतला अर्धा भाग. कार्यक्रमात तो कुणी स्टार वगैरे नाही. एका काल्पनिक कंपनीतला नोकरदार आहे, बढती मिळत मिळत 'काचो' झालेला. काचो म्हणजे आपल्या भाषेत सेक्शन हेड. सगळे त्याला अरिनो काचोच म्हणतात. काम एकच: ऐंशी-नव्वदच्या दशकातला एखादा अवघड गेम घ्यायचा आणि शेवटपर्यंत न्यायचा. सकाळी बसवतात, आणि मध्येमध्ये निवेदक शांतपणे सांगतो, सुरुवात होऊन इतके तास झाले. कधी बाहेर अंधार पडतो, कधी मध्यरात्र उलटते.

खरी मजा अशी की काचोला खेळता येत नाही. म्हणजे आवड आहे, लहानपणी खेळलेला आहे, पण हात साधेच. तुमच्या-माझ्या भावासारखे. उडी उशिरा मारतो. नको तिथे घाई करतो. फार ताण आला की कपाळावर ताप उतरवायची गार पट्टी चिकटवून बसतो. आणि पुष्कळदा हरतो. हरला तर भाग तसाच दाखवतात, हरला म्हणून. सारवासारव नाही.

पहिलाच गेम त्याला कोणता दिला असेल? 'ताकेशी नो चोसेनजो', म्हणजे ताकेशीचं आव्हानपत्र. बीट ताकेशी या नटाच्या डोक्यातून निघालेला, ताइतो कंपनीने 1986 मध्ये काढलेला. यात नायक साधा कंपनीतला कर्मचारी आहे. नोकरी सोडायची, बायकोला घटस्फोट द्यायचा, एका जागी कंट्रोलरमधल्या मायक्रोफोनवर गाणं म्हणायचं. हा गेम ज्यावर चालायचा त्या जपानी फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या, दुसऱ्या कंट्रोलरला खरोखरच मायक्रोफोन होता. आणि एका ठिकाणी तर तासभर कंट्रोलरला हातच लावायचा नाही, नुसतं बसून राहायचं. एवढं सगळं करून शेवटाला पोचलात की गेम तुम्हालाच विचारतो, असल्या गेमपायी एवढं मनावर घेऊन काय करणार? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी हसले की शेजारच्या टेबलवरच्यांनी पाणी आणून दिलं.

आता माझी बाजू सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे.

1994-95 सालची गोष्ट. सांगलीत आमच्या घरी एका दिवाळीत टीव्ही गेम आला. दादाला सातवीत चांगले मार्क पडले म्हणून बाबांनी आणला. त्यासोबत पिवळी कॅसेट, वर छापलेलं 9999 गेम, आत खरे दहा-बारा, बाकी तेच परत परत. मारिओ, सर्कस, कॉन्ट्रा, गाड्यांचा एक. ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती हे मला पुढे पंचवीस वर्षांनी कळलं. जपानमध्ये 15 जुलै 1983 ला 14,800 येनला विकायला आलेल्या त्या लाल-पांढऱ्या डब्याचं हे भावंड, कॅसेटचं मापसुद्धा तेच. आम्ही त्याला टीव्ही गेमच म्हणायचो आणि कंट्रोलरला रिमोट.

दोन रिमोट. एक दादाचा, दुसरा ज्याचा डाव असेल त्याचा. समोरच्या घरातले दोघे, मागच्या गल्लीतला एक, शिवाय सुट्टीत आलेले मामेभाऊ. मी शेंडेफळ, त्यात मुलगी. डाव माझ्यापर्यंत यायचा तोवर आई दिवा लावायला उठलेली असायची आणि टीव्ही बंद. पण मला खोलीतून कुणी हाकललं नाही, त्याचं कारण होतं अडॅप्टरची पिन. ती ढिली होती. जरा हलली की पडद्यावर मुंग्या, आणि मग सगळे माझ्याकडे बघून ओरडणार. मी गेमच्या डब्याला टेकून, पिन अंगठ्याने किंचित वर दाबून धरून बसायचे. दोन-दोन तास. अंगठ्याला खाच पडायची. कॅसेट लागली नाही तर फुंकर मारायचं कामही माझंच, कारण दादाच्या मते माझ्या फुंकरीत थुंकी कमी असायची.

तिथून मला पडदा तिरका दिसायचा आणि त्यांचे चेहरे सरळ. म्हणजे मी गेम कमी बघितला, गेम खेळणारी माणसं जास्त. कोण मरायच्या आधी श्वास धरतो, कोण उडी मारताना स्वतःही अंग वर उचलतो, कोण हरल्यावर रिमोट खराब आहे म्हणतो, हे सगळं मला पाठ. कुणाची लाइफ जाणार हे मला मागच्या मुलांच्या आधी कळायचं. सांगायची सोय नव्हती. सांगितलं की "तू पिन धर".

आता 'गेम सेंटर सीएक्स'मधली खोली बघा. एखाद्या ऑफिसातली मीटिंगची खोली वाटते. काचो टीव्हीसमोर, कडेला खाऊच्या पुड्या, आणि भोवती बघणारी माणसं. कॅमेऱ्यामागून हसू ऐकू येतं. काचो फारच अडला की एखादा पोरगेलेसा असिस्टंट डायरेक्टर आत येतो. तो रात्रभर जागून तो गेम पालथा घालून आलेला असतो. पांढऱ्या फळ्यावर नकाशा काढतो, इथे थांबा, इथून उडी घ्या. कधी स्वतः कंट्रोलर घेऊन अवघड जागा करून दाखवतो आणि कंट्रोलर परत काचोच्या हातात. काचो मान हलवतो, आणि पहिल्याच फटक्यात तिथेच मरतो. त्या पोराचा चेहरा तेव्हा बघावा. बोलता येत नाही, साहेब आहेत. मी त्या पोराकडे बघत असते. पिन धरणारा आहे तो.

एवढंच उत्तर आहे खरं तर. कार्यक्रम खेळणाऱ्याचा आहे असं वाटतं, पण तो खोलीतल्या बाकीच्यांचा आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कॅमेरा माझ्या बाजूला लावला.

तरी काचोबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो नसता तर पाच मिनिटांत कंटाळा आला असता. जपानी जोडविनोदात एक बोके असतो, म्हणजे वेडंवाकडं बोलणारा, आणि दुसरा त्सुक्कोमी, त्याला टोकणारा. आपल्या बतावणीत असतं तसंच काहीसं. योइकोमध्ये त्याचा जोडीदार मासारू हामागुची बोके, आणि अरिनो टोकणारा. या खोलीत हामागुची नाही. मग टोकायचं कुणाला? गेमला. शत्रू मागून आला की तो चिडत नाही, भांडत नाही. पुटपुटतो, एखाद्या बेशिस्त गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. साध्या चौकोनी ठोकळ्याला नाव ठेवतो, त्याचा स्वभाव ठरवतो, आणि थोड्या वेळाने आपल्यालाही तो ठोकळा लबाड वाटायला लागतो. हरण्यात एवढी करमणूक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि ते जुने गेम खरंच लबाड होते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा 40 किलोबाइटमध्ये मावतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं गुलाबाचं फूल त्याहून मोठं असतं. एवढ्याशा जागेत गोष्ट ती किती मावणार? पण गिऱ्हाइकाला पैसे वसूल वाटले पाहिजेत, म्हणून मग अवघड करून ठेवायचं. 'माकाइमुरा' घ्या, इंग्रजीत 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'. शूर सरदार, एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि महाशय चड्डीवर. दुसरा फटका, हाडं. जिवाचा आटापिटा करून शेवटच्या राक्षसाला मारलंत की पडद्यावर कळतं, हा सगळा सैतानाचा डाव होता, आता पहिल्यापासून परत खेळा. काचोलाही हा गेम दिला होता. त्या दिवशी मी भात तसाच ठेवून बघत होते. जीएसटीचं रिटर्न भरताना शेवटच्या पानावर साइट बसते ना, तसं.

अवघड गेम बनवणाऱ्यांनाही ते झेपत नसत, याचा पुरावा तुम्हा-आम्हाला पाठ आहे. वर वर खाली खाली, डावी उजवी डावी उजवी, बी, ए. या क्रमाने बटणं दाबली की कॉन्ट्राच्या तीस लाइफ. दादाच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं हे, आणि बाबांना ते बीजगणित वाटलं होतं. हा मंत्र कोनामी या जपानी गेम कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. 1986 मध्ये 'ग्रॅडियस' हा गेम फॅमिकॉमवर आणताना तपासणीसाठी तो खेळावा लागायचा आणि त्यांनाच जमेना, म्हणून ही चोरवाट त्यांनी स्वतःसाठी घातली. ती आत तशीच राहून गेली. 2020 मध्ये ते वारले, तेव्हा दादाने मला बातमी पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं, नुसते बाण काढले होते.

एका भागाबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगते. 'मायटी बॉम्ब जॅक' नावाचा टेक्मो कंपनीचा 1986 चा गेम आहे. त्यात हावरटपणा करून जास्त नाणी गोळा केलीत तर शिक्षेच्या खोलीत टाकतात आणि उड्या मारत बसावं लागतं. हा गेम काचोला जमेचना. किती तास, फळ्यावर किती नकाशे, किती पोरं आत येऊन गेली. शेवटी 2006 मध्ये तोक्योतल्या एका सभागृहात, जमलेल्या लोकांसमोर, मंचावर तो पुन्हा खेळायला बसला. नाटकाला बसावं तसे शेकडो लोक खुर्च्यांत बसलेत आणि समोर एक माणूस गेम खेळतोय. कुणाच्या हातात काही नाही. सगळे पिन धरून बसलेले. पुढे काय झालं ते सांगत नाही, तुम्ही बघा. या प्रसंगावर 2014 मध्ये चित्रपटसुद्धा काढला त्यांनी.

सगळंच काही गोड नाही, हेही सांगून टाकते. काही भाग लांबतात. कोडी सोडवायचे गेम असले की मला डुलकी लागते. कार्यक्रमात पाहुणे येतात तेव्हा तेवढं मी पुढे सरकवते. मध्ये एक छोटा भाग असतो, काचो गावोगावच्या जुन्या गेम सेंटरांना भेट देतो, तो मात्र कधी सोडत नाही. एखाद्या खाऊच्या दुकानात कोपऱ्यात दोन यंत्रं, गल्ल्यावर एक आजी, आणि काचो नाण्यांसाठी खिसे चाचपतोय. बाकी काही घडत नाही त्यात.

दादा आता सांगलीतच असतो, त्याचा स्टेशनरीचा व्यवसाय आहे. गेम त्याने कॉलेजात सोडले ते सोडलेच. मीच त्याला हा नाद लावला. रविवारी रात्री जेवणं झाली की तो तिकडे आणि मी इकडे तोच भाग लावतो, फोन स्पीकरवर ठेवतो, एक-दोन-तीन म्हणून एकदम सुरू करतो. तरी त्याचं नेट जरा मागे असतं. त्यामुळे काचो मेलेला मला आधी दिसतो.

"अगं, थांब म्हणावं त्याला, घाई करतोय," दादा तिकडून ओरडतो.

मी काही बोलत नाही. तीन सेकंदांनी त्याला दिसतंच.