वरचे दहा निकाल पुरतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये विषय टाकला की हजारो निकाल येतात, मग वरचे दहा वाचले तर भागेल का, असं संशोधनाला नव्याने लागलेले विद्यार्थी मला नेहमी विचारतात.

वाचा जरूर, पण ते वर का आले हे समजून घ्या. 'रेलेव्हन्स'ने, म्हणजे तुमच्या शोधाशी किती जुळतं त्या क्रमाने, लावलेली यादी मुख्यतः शब्दांचा मेळ बघते: तुमचा शब्द शीर्षकात आहे की नुसता सारांशात, किती वेळा आलाय, आणि एकूण संग्रहात तो किती दुर्मीळ आहे. यातलं दुर्मीळपणाचं सूत्र संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली मांडलं. जो शब्द मोजक्याच लेखांत सापडतो त्याचं वजन जास्त. आजच्या कित्येक शोधयंत्रणा याच विचारावर उभ्या आहेत. लेखातलं संशोधन भक्कम आहे का, हे मात्र या गणिताला कळत नाही. ते तुम्हालाच वाचून ठरवावं लागतं.

म्हणून अख्खं वाक्य टाकू नका. समजा विषय आहे 'रात्रपाळीचा परिचारिकांच्या आरोग्यावर होणारा परिणाम'. 'परिणाम' हजारो लेखांत असतो, त्याने काही निवडलं जात नाही. उलट अनेक डेटाबेस टाकलेले सगळे शब्द असलेलेच लेख दाखवतात, तेव्हा तो शब्द न वापरणारा उत्तम लेख गळून जातो. 'आरोग्य'ही फार पसरट. तुम्हाला झोप हवी आहे की रक्तदाब? तेवढं ठरलं की अर्धं काम झालं.

मग पर्यायी शब्द जोडा. 'परिचारिका' आणि 'नर्स' कंसात घालून मध्ये 'ऑर' (OR) ठेवा, म्हणजे दोन्हींपैकी कोणताही शब्द चालतो; वेगवेगळ्या कल्पनांमध्ये 'अँड' (AND), म्हणजे दोन्ही असलेलेच लेख येतात. ठरावीक शब्दसमूह अवतरणचिन्हांत. एखादा शब्द असलेले लेख वगळणारं 'नॉट' (NOT) शक्यतो टाळाच. तुम्हाला हवी ती गोष्ट आणि वगळलेली गोष्ट यांची तुलना करणारा लेखही त्याने बाहेर जातो.

मला सगळ्यात मोलाची वाटणारी युक्ती मात्र वेगळीच. एक चांगला लेख मिळाला की त्याची पूर्ण नोंद उघडा आणि विषयशीर्षकं बघा, म्हणजे लेखाचा विषय सांगायला डेटाबेसने लावलेले ठरावीक शब्द. एकाच आजाराला एक लेखक 'हार्ट अटॅक' लिहितो, दुसरा 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. वर्गीकरण करणारे दोघांना एकाच शीर्षकाखाली आणतात. त्या शीर्षकावर पुन्हा शोध घेतलात की तुम्हाला कधी सुचलेच नसते असे लेख पुढे येतात. अगदी ताज्या लेखांना ही शीर्षकं कधी कधी लागलेली नसतात, तेव्हा साध्या शब्दांचा शोधही चालू ठेवा.

आणि प्रबंधासाठी आढावा घेत असाल तर दहावर थांबून चालणार नाही. यादी आधी शब्दांनी आटोपशीर करा, मग शेवटपर्यंत चाळा. कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, नेमके कोणते शब्द टाकले ते त्याच वेळी लिहून ठेवा, मार्गदर्शक विचारणारच.