ढोलाचा घुमारा मागच्या कोपऱ्यात गेला तेव्हा

नाशिकच्या एका ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंग डॉल्बी ॲटमॉसमध्ये, म्हणजे आजूबाजूने आणि छतावरूनही आवाज येणाऱ्या पद्धतीत मिक्स करायचं होतं. ७.१.४, म्हणजे भोवतीचे सात स्पीकर, एक सबवूफर आणि छताचे चार, असे बारा आउटपुट. आमच्या इंटरफेसला (कॉम्प्युटरमधला आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या डब्याला) ॲनालॉग आउटपुट आठच, म्हणून छताचे चार स्पीकर एडॅटच्या (एकाच केबलमधून अनेक डिजिटल चॅनल नेणाऱ्या जोडणीच्या) ऑप्टिकल केबलने दुसऱ्या कन्व्हर्टरवर घेतले. वरून मधूनच टिक-टिक यायची. कन्व्हर्टरचं क्लॉक, म्हणजे डिजिटल आवाजाचा ताल धरणारं घड्याळ, इंटर्नलवर राहिलं होतं, इंटरफेसशी जुळत नव्हतं. ते एडॅटवर टाकताच आवाज बंद.

खरा घोळ पुढे निघाला. घोषणा मधल्या स्पीकरऐवजी उजव्यातून आली. ढोलाचा घुमारा मागच्या उजव्या छोट्या स्पीकरमधून फडफडला आणि सबवूफरला डाव्या बाजूच्या झांजा गेल्या. सेशनची बस (सगळे चॅनल एकत्र बाहेर नेणारी वाट) फिल्म क्रमात होती: डावा, मधला, उजवा, बाजूचे दोन, मागचे दोन, शेवटी एलएफई, म्हणजे सबवूफरला जाणारा खर्जाचा चॅनल. रेंडरर, म्हणजे ॲटमॉसचा मिक्स स्पीकरांवर वाटणारं सॉफ्टवेअर, मात्र डावा, उजवा, मधला, एलएफई, मग बाजूचे, मग मागचे असं धरतो. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत सगळे चुकले. पहिला डावा बरोबर वाजतो आणि तिथेच फसायला होतं. वायरींना हात लावू नका, क्रम आउटपुट मॅपिंगमध्येच बदला. मग एकेका चॅनलला पिंक नॉइज (चाचणीचा खरखरीसारखा आवाज) पाठवून त्या-त्या स्पीकरला कान लावून खात्री करा. बाराही तपासा, कंटाळा करू नका.

लेव्हल लावताना आवाज मोजायचं मीटर सी-वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर ठेवून प्रत्येक स्पीकर ७९ डीबीला आणला. एलएफई बँडमध्ये १० डीबी वर हवा, पण त्याचा पट्टा अरुंद असल्याने साध्या मीटरवर ८३च्या आसपासच दिसतं. तिथे ८९ आणायला गेलात तर ढोल सगळं गिळून टाकतो. मागचे स्पीकर पुढच्यांपेक्षा ०.६ मीटर जवळ होते, त्यांना १.७५ मिलिसेकंद डिले दिला.

बेड, म्हणजे ठरलेल्या स्पीकरांना बांधलेले चॅनल, ७.१.२चा, म्हणजे छताला दोनच चॅनल. चारही स्पीकर वेगवेगळे वापरायचे तर ऑब्जेक्टच (खोलीत हवे तिथे ठेवता येणारे सुटे आवाज) हवेत, आणि बेडने पहिले दहा इनपुट घेतलेले, म्हणून ताशे अकराव्या इनपुटपासून पुढे घेतले. ऑब्जेक्टला एलएफई मिळत नाही, त्यामुळे ढोल बेडमध्येच ठेवला. त्याच्या एलएफई सेंडवर १२० हर्ट्झचा लो-पास (त्यावरचे सूर कापणारा फिल्टर) स्वतः लावावा लागतो, नाहीतर टिपरूचा कडक ठोकाही सबमध्ये जातो. आणि घुमारा फक्त एलएफईवर सोडू नका. स्टिरिओ डाउनमिक्समध्ये, म्हणजे सगळे चॅनल दोनात बसवताना, तो चॅनल सहसा वगळला जातो आणि मोबाइलवर ढोलाचं नुसतं पान वाजतं.