घरच्या घरी सीएनसी राउटर टेबल: माझा अनुभव

कमी खर्चात सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं यंत्र) बांधायचा म्हटलं की पहिला प्रश्न मोटारींचा येतो. माझ्या मते तो नंतरचा. कापताना बिट (फिरतं पातं) बाजूला रेटलं जातं, आणि सांगाड्यात जे काही लवतं ते सगळं कापात उतरतं. म्हणून हात आखडता घ्यायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये घ्यावा.

कामाचं क्षेत्र मी ४०० बाय ३०० मिमीच ठेवलं. फक्त दोन टोकांना धरलेला गोल रॉड लांबी दुप्पट केली की आठपट लवतो. जाडी १२ची १६ मिमी केली तर लवणं साधारण एक तृतीयांशावर येतं. त्यामुळे एक्स (डावी-उजवी) आणि वाय (पुढे-मागे) अक्षांना खालून सलग आधार असलेल्या एसबीआर १६ रेल घेतल्या. झेड (वर-खाली) आखूड असल्याने तिथे १२ मिमीचे रॉड चालतात. सांगाडा १८ मिमी प्लायचा. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) कडेत स्क्रू मारला की थर सुटतात, ते फक्त वरच्या फळीसाठी. गॅन्ट्रीची (राउटर धरून पुढे-मागे सरकणाऱ्या कमानीची) आडवी पट्टी एकेरी ठेवू नका, पीळ खाते. चारही बाजूंनी ग्लू लावून बंद पेटी केली की हाताने पिळता येत नाही.

वायला दोन्ही बाजूंनी स्क्रू (फिरून गॅन्ट्री सरकवणारा आट्यांचा लांब रॉड) आणि मोटार हवी. मध्ये एकच स्क्रू असेल तर कडेला कापताना गॅन्ट्री तिरकी होते.

बाकी सामान नेहमीचं: अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), चार नेमा २३ स्टेपर मोटारी (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणाऱ्या), त्यांना वीज देणारे चार टीबी ६६०० ड्रायव्हर, २४ व्होल्टचा पुरवठा. वायच्या दोन्ही ड्रायव्हरना एकच सिग्नल. वीज चालू असताना मोटारीची वायर काढू नका, ड्रायव्हर उडतो.

टी ८ स्क्रूचे आटे मोजले तर अंतर २ मिमी भरतं, पण स्क्रू चार सुरुवातींचा (चार आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेला) असेल तर एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो. हिशेब असा: मोटारीच्या एका फेऱ्याच्या २०० स्टेप गुणिले ८ मायक्रोस्टेप (ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे करतो ते भाग), भागिले ८ मिमी, म्हणजे मिलिमीटरला २०० स्टेप. इथे २ धरलं तर ८०० येतात आणि मशीन चौपट अंतर धावतं. हा आकडा जीआरबीएलच्या १००, १०१, १०२ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये जातो. टेपने मोजून तो १९९.३ वगैरे करण्यात अर्थ नाही. चूक बहुतेक वेळा टेप धरण्यात किंवा नटच्या ढिलाईत असते. ढिलाईला स्प्रिंगवाला दुहेरी नट हाच इलाज.

सगळ्यात जास्त वेळ काटकोनाला द्या. गुण्या लावून भागत नाही. राउटरच्या जागी पेन बांधून ३०० मिमीचा चौरस काढा आणि दोन्ही कर्ण मोजा, ते ४२४.३ मिमी यायला हवेत. दोघांत २ मिमीचा फरक असेल, तर त्याला ०.७ ने गुणा: ३०० मिमीमागे १.४ मिमी तिरकेपणा. स्क्रूंमधलं अंतर ५०० मिमी असेल तर एक बाजू सुमारे २.३ मिमी सरकवायची. वीज बंद करून त्या बाजूचा कपलर (मोटार आणि स्क्रू जोडणारा तुकडा) पाव फेऱ्यापेक्षा थोडा जास्त फिरवला की झालं. चौरस पुन्हा काढून जमल्याची खात्री झाली की दोन्ही बाजूंना थांब्याचे बोल्ट कसा, म्हणजे दर वेळी मशीन चालू करण्याआधी गॅन्ट्री तिथे टेकवून सरळ करता येते.

राउटर सुरू होताच लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा) दाबल्याचा खोटा अलार्म येत असेल, तर तो वायरीतला गोंगाट. शील्ड असलेली केबल वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि स्विचची केबल मोटारीच्या वायरींपासून लांब ठेवा. स्विच नेहमी जोडलेले असणाऱ्या प्रकारचे घ्या (५ क्रमांकाची सेटिंग १ करावी लागते). वायर तुटली तरी मशीन थांबतं.

प्लायसाठी एका धारेचं ३.१७५ मिमी बिट, मिनिटाला १२,००० फेरे आणि दर फेऱ्याला ०.०८ मिमी धरलं तर पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला ९६० मिमी येतो. खोली एका वेळी १ मिमी. जळका वास आला की लोक वेग कमी करतात, तिथेच फसतं: बिट कापायचं सोडून घासत बसतं. वेग वाढवा, नाहीतर फेरे कमी करा. भुसा पिठासारखा बारीक पडत असेल तर अजून घासतंय; कपचे पडायला लागले की वेग जमला.