व्यत्ययांची वही

मागच्या महिन्यात मी एका बगमागे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीमागे, दोन पूर्ण दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोडमधली एकच ओळ बदलली. महिना बदलतानाच्या मध्यरात्रीनंतर पहिल्या काही तासांत नोंदले गेलेले व्यवहार जुन्या आणि नव्या अशा दोन्ही महिन्यांच्या अहवालांत दिसत होते. तेही दर वेळी नव्हे, अधूनमधून, आणि माझ्या संगणकावर तर एकदाही नाही. शेवटी उलगडा झाला तो असा की अहवाल तयार करण्याचे काम दोन सर्व्हरपैकी जो मोकळा असेल त्याच्याकडे जात होते, त्यांतला एक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत होता आणि दुसरा स्थानिक वेळेवर, त्यामुळे पहिल्याच्या लेखी जो व्यवहार जुन्या महिन्यातला तोच दुसऱ्याच्या लेखी नव्या महिन्यातला ठरत होता. टाइमझोन कोडमध्ये स्पष्ट लिहिला आणि काम संपले. साप्ताहिक अहवालात मात्र ‘या आठवड्यात काय केले’ या रकान्यासमोर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ‘एक ओळ बदलली’ असे लिहिणे शब्दशः खरे होते, पण त्यातून दोन दिवसांचा काहीच पत्ता लागत नव्हता.

आमच्या व्यवसायात ही अडचण जुनीच आहे. १९८२ च्या सुरुवातीला ॲपलमध्ये लिसा संगणकाचे काम चालू असताना प्रत्येक अभियंत्याने दर आठवड्याला आपण कोडच्या किती ओळी लिहिल्या ते फॉर्ममध्ये भरावे, असा नियम निघाला होता. तिथले अभियंते बिल ॲटकिन्सन यांनी त्याच सुमारास क्विकड्रॉ या पडद्यावर चित्रे काढणाऱ्या प्रणालीतला एक भाग अधिक सोप्या पद्धतीने नव्याने लिहिला होता. तो जवळपास सहापट वेगाने चालू लागला आणि त्यातल्या सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर आकडा भरला तो ‘उणे २०००’. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे, आणि पुढे काही आठवड्यांत ॲटकिन्सन यांच्याकडे फॉर्म मागणे बंद झाले, हेही त्यांनी नोंदवले आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ मध्ये हाच मुद्दा हिशेबाच्या भाषेत मांडला: ओळी मोजायच्याच असतील तर त्या कमावलेल्या नव्हे, खर्च केलेल्या ओळी म्हणून मोजाव्यात, आपण तो आकडा खातेवहीच्या चुकीच्या बाजूला मांडतो आहोत.

हे सगळे मला पटते. मात्र बाहेरची मोजणी चुकीची असते असे म्हणत असताना माझी स्वतःची मोजणी बरोबर आहे, असे मी गृहीत धरले होते. माझा दिवस कशामुळे फुकट जातो, असे कोणी विचारले असते तर मी क्षणाचाही विचार न करता ‘मीटिंग’ असे उत्तर दिले असते. पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये लिहिलेला एक निबंध मी अनेक सहकाऱ्यांना पाठवला आहे. व्यवस्थापकाचा दिवस तासातासांचा असतो आणि घडवणाऱ्याचा अर्ध्या अर्ध्या दिवसाचा, त्यामुळे दुपारी मधोमध ठेवलेली एक मीटिंग घडवणाऱ्याची अख्खी दुपार निकामी करते, असा त्याचा आशय आहे. तो निबंध पाठवताना आपण कोणाच्या तरी चुकीवर बोट ठेवतो आहोत, याचे समाधान मला मिळत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

म्हणून वही केली. तीन आठवडे, हातातल्या कामावरून लक्ष हलले की वेळ आणि कारण लिहायचे, एवढाच नियम होता. त्यासाठी कोणतेही ॲप वापरले नाही, कारण ॲप उघडण्यासाठी फोन हातात घेतला की तो खाली ठेवायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी पाने चाळली तेव्हा मीटिंगच्या नोंदी मोजक्याच निघाल्या. सहकाऱ्यांनी मध्येच येऊन काही विचारल्याच्या नोंदीही थोड्याच होत्या. बाकी पानेच्या पाने ‘बिल्ड चालू’ (कोडपासून प्रोग्रॅम तयार होतो आहे), ‘टेस्ट चालू’ (कोडची आपोआप तपासणी होते आहे), ‘रिव्ह्यूची वाट’ (सहकारी माझा कोड वाचून मत देईपर्यंत थांबणे) अशा शब्दांनी भरलेली होती, आणि उरलेल्या कितीतरी ठिकाणी नुसती वेळ लिहून पुढची जागा कोरी सोडलेली होती.

या कोऱ्या जागांनी मला सर्वांत जास्त विचारात पाडले. तिथे कोणी बोलावले नव्हते, कोणतेही नोटिफिकेशन आले नव्हते, कशाची वाट पाहणेही नव्हते. आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले की बहुतेक वेळा त्याच्या अगदी आधी माझा एखादा अंदाज चुकलेला असे: लॉगमध्ये (प्रोग्रॅम आपल्या कामाची जी नोंद ठेवतो तीत) जे दिसायला हवे होते ते दिसले नाही, किंवा ज्या फंक्शनवर, म्हणजे कोडच्या तुकड्यावर, संशय होता ते निर्दोष निघाले, आणि आता पुढे काय करायचे ते मला माहीत नव्हते. त्या माहीत नसण्याच्या क्षणी हात आपोआप चॅटच्या खिडकीकडे वळत होता, जिथे कोणाच्या तरी सोप्या प्रश्नाला उत्तर देऊन आपण उपयोगी असल्याची खात्री दोन मिनिटांत मिळवता येते. माझ्या दिवसातला मोठा व्यत्यय मीच होते, आणि तो नेमका काम अवघड होऊ लागले की येत होता.

दोन मिनिटांनी एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती चाराच्या जवळ आणली. बग शोधताना डोक्यात काय काय धरून ठेवावे लागते ते पाहिले तर हे चार फारच थोडे आहेत: कोणता व्हेरिएबल कुठे बदलतो, कोणती शक्यता आधीच बाद झाली, आत्ता कोणती तपासतो आहोत आणि ती खरी निघाली तर पुढे काय दिसायला हवे. चॅटमधला सोपा प्रश्नही यांतलीच एखादी जागा घेतो. परत आल्यावर कोड तसाच पडद्यावर असतो, पण ‘हे मी आधीच तपासले आहे’ ही जाणीव गेलेली असते, आणि मग तीच फाइल पुन्हा वाचली जाते. त्या टाइमझोनच्या बगमध्ये सर्व्हरची सेटिंग दाखवणारी ओळ मी पहिल्याच दिवशी दुपारी लॉगमध्ये पाहिली होती. वही तेव्हाही चालू होती; तिच्यातली वेळ आणि लॉगची वेळ जुळवली तेव्हा दिसले की त्यानंतर मिनिटभरातच मी उठून गेले होते.

कामातल्या व्यत्ययांच्या अभ्यासक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ चा एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे, कारण तो माझ्या मताला सरळ दुजोरा देत नाही. ईमेलना उत्तरे देण्याचे काम करणाऱ्यांना मध्ये मध्ये अडवले तेव्हा त्यांनी ते काम उलट लवकर संपवले आणि गुणवत्तेतही फरक पडला नाही. मात्र ताण, वैताग आणि वेळेचा दबाव वाढला. ईमेलची उत्तरे आणि बगचा शोध ही दोन वेगळी कामे आहेत, असे मी लगेच म्हणू शकते आणि म्हणतेही. पण संध्याकाळी भरपूर काम उरकल्यासारखे वाटावे आणि तरीही डोके शिणलेले असावे, या अनुभवाचा धागा मला त्या प्रयोगात सापडतो.

वहीनंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली तांत्रिक होती. आमच्या टेस्टना चार मिनिटांहून जास्त वेळ लागत होता, आणि चार मिनिटे ही फार वाईट लांबी आहे: थांबून पाहत बसावे इतकी छोटी नाही आणि दुसरे काम उरकावे इतकी मोठी नाही. प्रत्येक टेस्टआधी डेटाबेस नव्याने उभा करणे थांबवले, बदललेल्या भागाशी संबंधित टेस्ट आधी चालतील अशी व्यवस्था केली, आणि पहिला निकाल अर्ध्या मिनिटाच्या आत येऊ लागला. त्यात तीन दिवस गेले. त्यासाठी कोणतेही तिकीट, म्हणजे नेमून दिलेल्या कामाची नोंद, नव्हते.

दुसरी अगदी साधी आहे. जागेवरून उठण्यापूर्वी, मीटिंग असो वा पळवाट, मी त्या फाइलमध्येच एक वाक्य लिहिते: काय तपासले आणि आता काय तपासणार. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले होते की अपुरे सोडलेले काम पुढच्या कामातही मनात रेंगाळत राहते; पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात, परत आल्यावर काय करायचे याची छोटी टिपणी लिहून ठेवली तर हे रेंगाळणे कमी होते, असे आढळले. माझ्या बाबतीत एक अनपेक्षित फायदाही झाला. ‘आता काय तपासणार’ हे लिहायला बसले की बऱ्याचदा उठायची गरजच राहत नाही, कारण मला पळायचे असते ते त्याच प्रश्नाच्या उत्तरापासून. पोमोडोरो पद्धतीतली, घंटा लावून सलग काम करायची पंचवीस मिनिटे मात्र मला कधीच मानवली नाहीत. घंटा वाजते तेव्हा मी नेमकी तिसऱ्या फंक्शनच्या आत असते.

आता या सगळ्यात एक नवी वाट पाहणे आले आहे. एआय सहायकाला काम सांगितले की तो कधी अर्धे मिनिट, कधी तीन मिनिटे घेतो, आणि जी पोकळी मी टेस्टमधून काढली होती ती दुसऱ्या दाराने परत आली. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी मुक्तस्रोत डेव्हलपरांच्या २४६ कामांवर केलेल्या अभ्यासात, एआय साधने वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र काम संपल्यानंतरही आपण २० टक्के वेगाने काम केले असेच वाटत होते. साधने झपाट्याने बदलत आहेत, त्यामुळे त्या १९ टक्क्यांवर मी फारसा भर देणार नाही. माझे लक्ष आहे ते वाटण्यातल्या आणि असण्यातल्या अंतराकडे, कारण तेच मला माझ्या वहीत दिसले होते.

वही अजून चालू आहे. कालच्या पानावर अकरा नोंदी आहेत; त्यांतल्या सहा ‘उत्तराची वाट’ अशा आहेत, दोन मीटिंगच्या, आणि तीन ठिकाणी नुसती वेळ आहे.