तुझी बोलीच सांगते

पवित्र गुरुवार, रात्र

बेळगावात राहणाऱ्या माणसाला "तू कोण?" हा प्रश्न सरळ कुणी विचारत नाही, पण तो सारखा समोर येतच असतो. दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली, बसमध्ये कंडक्टर पहिलं वाक्य कशात बोलतो, आपण त्याला कशात उत्तर देतो, फॉर्म कुठल्या भाषेत भरायचा, पोराला कुठल्या मीडियमला घालायचं, सगळीकडे तोच प्रश्न. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा माझे बाबा चड्डीत हिंडणारं पोर होते, आणि तेव्हापासून आमच्या घरात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला नाही असं वर्ष गेलेलं नाही. एक नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या फिती, हे बघतच आम्ही मोठे झालो.

आमच्यापुढे त्यात अजून एक प्रश्न जास्तीचा. आडनाव मराठी, बोलणं असं की तोंड उघडल्याबरोबर समोरचा ओळखतो बेळगावची म्हणून, आणि गळ्यात बारीक क्रूस. मग ठरलेलं, "अहो, पण तुमी ख्रिश्चन कसे? गोव्याचे काय?" नाही हो, गोव्याचे नाही. "मग घरी इंग्लिश बोलत असाल?" नाही हो, घरी मराठीच, भांडतो पण मराठीतच आणि प्रार्थना पण मराठीतच. पतसंस्थेत काउंटरवर बसते त्यामुळे दिवसाला एवढी माणसं भेटतात आणि त्यातलं एखादं तरी हे विचारतंच, वाईट मनानं नाही विचारत, पण संध्याकाळी घरी येताना मनात काहीतरी उरतं. आपण कुठल्याच बाजूला पूर्ण बसत नाही असं काहीतरी.

आज रात्रीच्या उपासनेत मत्तयच्या शुभवर्तमानातला सव्विसावा अध्याय वाचला. लहानपणापासून दरवर्षी ऐकते, पण आज त्र्याहत्तरावं वचन आलं आणि मी तिथंच थांबले, पुढचं वाचन माझ्या कानावर आलंच नाही. येशूला धरून नेलंय, त्याचा शिष्य पेत्र वाड्याच्या अंगणात बसलाय, थंडी आहे, आणि उभी असलेली माणसं त्याला म्हणतात की तू पण त्यांच्यातलाच आहेस, तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय. म्हणजे गालीलचा हेल! यरुशलेमात राजधानीच्या माणसांमध्ये त्याचं बोलणं वेगळं पडलं असणार आणि दोन शब्दांत पकडला गेला. आणि मग तो शपथा घालून सांगतो की मी त्या माणसाला ओळखत नाही. पेत्र घाबरट होता, विश्वासात कमी पडला, हे आजवर पुष्कळदा ऐकलंय, पण बोलण्यावरून पकडलं जाणं म्हणजे काय हे आमच्या सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. भाजीबाजारात, ऑफिसात, हॉस्पिटलच्या लाईनीत आपण तोंड उघडायच्या आधी एक सेकंद थांबतो ना, कशात बोलू म्हणून, तोच तो सेकंद.

कॉलेजात असताना मला वाटायचं की या प्रश्नाचं उत्तर इतिहासात मिळेल. खरंच पुष्कळ मिळालं आणि त्याबद्दल मला आजही अभिमान आहे, तो मी लपवत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं आणि १९०४ साली ते मेथडिस्ट पंथाकडे आलं. बाबा पदमनजी, ज्यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ साली आलं आणि ज्याला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, ते जन्मले इथं बेळगावात, १८३१ साली, आणि त्यांचा बाप्तिस्मा सुद्धा इथंच झाला, १८५४ साली. मराठी कादंबरीची सुरुवात एका बेळगावकर ख्रिस्ती माणसाच्या हातून, हे मी कितीजणांना सांगितलं असेल! पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, तो पण आताच्या कर्नाटकातल्या घाटातला, आणि त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणायचं काम केलं, कशासाठी, तर कमी शिकलेल्या बाईला पण ते वाचता यावं म्हणून. नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि त्यांची भजनं आमच्या आजीला सगळी तोंडपाठ, पुस्तक उघडायची गरजच नाही. टिळकांनी मृत्यूच्या दोन वर्षं आधी, १९१७ साली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांना जागा होती. हे वाचलं तेव्हा मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

पण हे सगळं दुसऱ्याला सांगायला उपयोगी पडायचं. कुणी विचारलं की फाडफाड सांगायचं, आमचं मूळ इथलंच आहे, आम्ही बाहेरचे नाही. रात्री एकटी पडल्यावर मला त्यातनं काही मिळत नव्हतं. बाई, तू देवाची कोण आहेस, या प्रश्नाला बाबा पदमनजींची जन्मतारीख काय उत्तर देणार.

आमच्या मेथडिस्ट पंथाचे मूळ पुरुष जॉन वेस्ली, ते पाळक झालेले होते, मिशनरी म्हणून समुद्र ओलांडून अमेरिकेत जॉर्जियाला जाऊन आले होते, आणि तरी आत कोरडे होते. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये एका छोट्या सभेत बसलेले असताना त्यांना आतून ऊब जाणवली आणि आपली पापं खरंच क्षमा झालीत याची खात्री पटली. मला हे फार जवळचं वाटतं. जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असणं आणि आतून देवाचं असणं, यात बरंच अंतर असू शकतं आणि ते अंतर चालायला लाज कसली. माझ्या बाबतीत असा एकच एक दिवस नाही दाखवता येणार. माझं हळूहळू झालं, इतकं हळू की होत होतं तेव्हा कळलंच नाही. वेस्ली प्रार्थना, शास्त्रवाचन, उपास, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं) आणि चारजणांनी मिळून बसणं यांना कृपेची साधनं म्हणायचे. म्हणजे कृपा देवाचीच, आपण फक्त जिथं ती मिळते तिथं रोज जाऊन बसायचं.

आणि मी जाऊन बसले ती एका कानडी अज्जीच्या घरी.

आमच्या मंडळीत मराठी उपासना वेगळी आणि कन्नड वेगळी, वेळा पण वेगळ्या, एकमेकांना पायऱ्यांवर भेटायचं तेवढंच. गेल्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत महिला मंडळानं ठरवलं की दोन्हीकडच्या बायकांनी जोडीजोडीनं घरी बसून प्रार्थना करायची, आणि मला वाट्याला आल्या या अज्जी. वडगावात राहतात, घरात पूर्वी माग होता, नवरा गेला, मुलगा पुण्याला. मराठी त्यांना कळतं पण बोलताना निम्मं कानडी येतं, माझं कानडी बाजारापुरतं. पहिल्या दिवशी मी विचारच करत गेले की बोलायचं काय. त्यांनी पाणी दिलं, मोठ्या अक्षरातलं कन्नड बायबल उघडलं, तेविसावं स्तोत्र काढलं आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. मी माझं मराठी काढलं. त्या एक ओळ, मी एक ओळ. मला त्यांची ओळ शब्दानं कळत नव्हती पण कुठं आलोय ते कळत होतं, हिरवी कुरणं आली, संथ पाणी आलं, मृत्यूछायेची दरी आली, आणि दरीपाशी अज्जी थांबल्या, बोट तिथंच ठेवलं, आणि रडल्या. मी काही बोलले नाही. काय बोलणार, आणि कशात.

मग आम्ही थांबलोच नाही. त्या मला विचारत नाहीत मी कुठली. मला "मगळे" म्हणतात, म्हणजे पोरी. मी प्रार्थना करताना मराठीत काय म्हणते ते त्यांना सगळं कळत असेल असं नाही, पण मी माझ्या भावाचं नाव घेतलं की त्या मोठ्यानं आमेन म्हणतात, भावाशी माझं बोलणं बंद होतं तेव्हापासून. गेल्या नाताळात तो घरी येऊन जेवून गेला. हे प्रार्थनेचं उत्तर आहे असं मी मानते, कुणाला काही का वाटेना.

काल दुपारी आजच्या प्रभुभोजनासाठी द्राक्षरस करायचं काम आमच्या दोघींकडे होतं. आमच्याकडे दारू चालत नाही, रसच लागतो, आणि बाटलीतला आणण्यापेक्षा घरीच करायची पद्धत. काळ्या मनुका आदल्या रात्री धुऊन भिजत घातलेल्या, त्या टम्म फुगल्या होत्या, पाणी गुळासारखं झालं होतं. अज्जींनी ते पातेलं मंद गॅसवर ठेवलं आणि मला डाव हातात देऊन समोर स्टुलावर बसल्या. मी म्हटलं झालं वाटतं, त्या म्हणाल्या "इन्नू स्वल्प", अजून थोडं. परत विचारलं, परत "इन्नू स्वल्प". मनुका फुटून साल वेगळी व्हायला लागली, रंग तांबूस होता तो जांभळा-काळा झाला, घरभर वास सुटला, तेव्हा कुठं त्या उठल्या, हातानं इशारा केला, बंद. मग धुतलेल्या पांढऱ्या मलमलच्या फडक्यातनं गाळायचं. फडकं पिळताना मी बघत होते त्यांचे हात, अंगठ्याशेजारच्या बोटावर सुतानं पडलेला जुना घट्टा, आणि त्यावरनं खाली ओघळणारा तो गडद रस. "येसुस्वामी रक्त," त्या एवढंच म्हणाल्या, आणि पिळत राहिल्या. मी खाली बघितलं. प्रभुभोजनावर मी आजवर जेवढी प्रवचनं ऐकली त्यात हे कुणी मला असं दाखवलं नव्हतं.

आज दोन्ही मंडळ्या एकत्र होत्या. प्रभूची प्रार्थना आली तेव्हा पास्टर म्हणाले ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत म्हणा. माझ्या डाव्या बाजूला अज्जी, "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये", आणि मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या", पुढची मागची ओळ एकमेकांत गुंतत होती, कुणी आधी संपवलं कुणी नंतर, आणि बाहेर या दोन भाषांवरनं काय काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मला सीमाप्रश्न सुटला असं वाटलं नाही, माझं मराठीपण कमी झालं असं पण नाही. मराठी शाळा टिकावी असं मला काल वाटत होतं, आज पण वाटतंय, आणि त्यासाठी बोलायचं तिथं मी बोलणारच. फक्त पित्यासमोर उभं राहताना मला ते आधी सिद्ध करावं लागत नाही.

घरी येऊन पेत्राचं पुढचं शोधलं, योहानाचा एकविसावा अध्याय. अंगणात तो ज्यावर शेकत होता तो पेटलेला कोळसा होता, आणि पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू मासे भाजतोय तो पण कोळशावरच, योहान ते दोन्हीकडे मुद्दाम लिहितो. आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला येशू तीनदा विचारतो. तू कुठला, तुझं बोलणं असं का, त्या रात्री तू काय म्हणालास, यातलं काहीच नाही. "माझ्यावर प्रीती करतोस का?" बस. आणि हो म्हटल्याबरोबर काम देतो, माझी मेंढरं पाळ. प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात हाच पेत्र गर्दीपुढे उभा राहून बोलतो आणि माणसं तेव्हाही म्हणतायत, हे बोलणारे सगळे गालीलकरच ना? म्हणजे हेल गेलाच नव्हता! देवानं त्याला राजधानीची भाषा शिकवून मग वापरला नाही, जसा होता तसाच उभा केला. मला हे आज रात्री पहिल्यांदा दिसलं आणि इतका आनंद झालाय की झोप येत नाहीये.

माझं उत्तर "हो" आहे. प्रभू, तुला माहीत आहे. कुणी काउंटरवर विचारलं तर सांगेन अजून, बेळगावची, मराठी, ख्रिस्ती, तिन्ही, सावकाश सांगेन, पण आता ते सांगताना आवाज चढणार नाही असं वाटतंय.

उद्या गुड फ्रायडे, बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर बोलायचं असतं. पाचवा माझ्याकडे आलाय, "मला तहान लागली आहे". मी चार पानं लिहून ठेवली होती, त्यातली दोन आत्ता काढून टाकली, कारण तहान लागलेला माणूस मोठं भाषण करत नाही. आणि अज्जींना मगाशी पायऱ्यांवरच विचारलं, माझ्या बोलण्याआधी ते वचन तुम्ही कन्नडमधनं वाचाल का म्हणून. आधी नको नको म्हणाल्या, मग तयार झाल्या. सकाळी पास्टरांना फोन करून सांगायचं आहे. अज्जींची अट एकच, माईक त्या धरणार नाहीत, तो मी धरायचा, त्यांना दोन्ही हात बायबलाला लागतात.